विजेचं पार्श्वगायन

वाद्य वाजवलं की आवाज होतो, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ढोलावर टिपरू पडलं की चार गल्ल्यांना कळतं. पेटीचा भाता हलला की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. इलेक्ट्रिक बेस गिटारने या समजुतीचा पार निकाल लावला आहे. हे वाद्य नुसतं हातात घेऊन कितीही जिवाच्या आकांताने वाजवा, समोर सोफ्यावर बसलेल्या माणसाला थोडी टिकटिक आणि थोडं गुंगुं यापलीकडे काही ऐकू येत नाही. चार किलोचं धूड, चार जाडजूड तारा, वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधी लागल्याचे भाव, आणि एकूण आवाज छताच्या पंख्याहून कमी. सदस्यांनी कोणतं वाद्य शिकावं असं एखादं कलम हाउसिंग सोसायट्यांच्या उपविधींत असतं, तर कमिटीने हेच वाद्य एकमताने मंजूर केलं असतं. सोसायटीच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव ठरला असता.

मग हेच मुकं वाद्य गणपतीच्या ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या बरगड्या कसं हलवतं? उत्तर असं की ते हलवतच नाही. बरगड्या हलवणारा इसम वेगळाच आहे. त्याचं नाव पत्रिकेत नसतं, त्याला नारळ मिळत नाही, शाल मिळत नाही, आणि त्याच्या कामाचं बिल महिनाअखेरीस मंडळाच्या खजिनदाराकडे येतं.

पण आधी मूळ अडचण. खालचा सूर काढायचा म्हणजे भरपूर हवा ढकलावी लागते. बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ‘ई’, सेकंदाला ४१ वेळा कापते. या सुराची हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब असते. चाळीतल्या दोन खोल्यांत ती पुरती मावत नाही. निम्मी इकडे, निम्मी शेजारी नांदते. एवढी हवा नुसत्या लाकडाच्या जोरावर हलवायची तर पेटाराही तसाच हवा. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये हे काम डबल बेस करायचा. उंची सुमारे सहा फूट. म्हणजे वादकाला एक वाद्य नव्हे, एक सहप्रवासी सांभाळावा लागे. तो मोटारीत मावत नसे, टपावर बांधावा लागे. आणि एवढं करून, ढोलताशांसमोर आणि तोवर विजेवर गेलेल्या गिटारीसमोर त्याचं कोणी ऐकत नसे.

यावर तोडगा अनेकांनी शोधला. १९३० च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी आडवा धरून वाजवायचा विजेवरचा बेस बाजारात आणला होता, पण बाजाराने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. ज्यांचं वाद्य चाललं ते कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर. त्यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ काढला. पट्टीवर फ्रेट्स, म्हणजे धातूच्या आडव्या दांड्या, बसवलेल्या, त्यामुळे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका. या गृहस्थांची पात्रता पाहण्यासारखी आहे. शिक्षण हिशेबनिसाचं, धंदा रेडिओ दुरुस्तीचा, आणि गिटार स्वतःला वाजवता येत नव्हती. आपल्याकडे अशा माणसाला फार तर संगीत सभेचा खजिनदार केलं असतं. तिकडे त्याने शतकाचं संगीत बदललं. सूर कळणारा माणूस ‘लाकूड कोणतं घ्यावं’ यात दहा वर्षं घालवतो. रेडिओ दुरुस्त करणारा एवढंच विचारतो, की आवाज शेवटी स्पीकरमधूनच यायचा असेल तर पोकळ पेटारा हवाय कशाला? त्याने सरळ भरीव फळी घेतली आणि तिच्यावर तारा ताणल्या. चारही तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण मानेवर पडतो, म्हणून मानेच्या आत पोलादी सळई. झालं वाद्य.

या फळीवर तारांच्या खाली जो काळा डबा दिसतो तो पिकअप. सगळी गोम तिथे आहे. आत अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेल्या लोखंडाचे, छोटे लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सोडवून सरळ केली तर ती तार किलोमीटरच्या घरात जाईल. लोहचुंबक वरच्या पोलादी तारेलाच थोडीशी चुंबक करून टाकतो. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, क्षेत्र हललं की वेढ्यांत वीज उमटते. तार सेकंदाला ४१ वेळा हलली तर वीजही ४१ वेळा पुढेमागे होते. हे मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये १८३१ सालीच दाखवून दिलं होतं. पेशवाई बुडून तेव्हा तेराच वर्षं झाली होती. म्हणजे बेस गिटारचं शास्त्र तयार होतं, ऑर्केस्ट्रा तेवढे निघायचे बाकी होते.

पिकअप हा मायक्रोफोन नव्हे, हे इथे ठासून सांगितलं पाहिजे. त्याला आवाज कळत नाही, फक्त पोलाद हललेलं कळतं. त्याच्याशी तोंड नेऊन कितीही ओरडा, तो ढिम्म. पोलादाच्या जागी नायलॉनच्या तारा लावा, वाद्य संन्यास घेईल. ज्या फळीवर तो स्वतः बसलाय तीही त्याला दिसत नाही. तरीसुद्धा दोन बेसवाले एकत्र आले की महोगनीचा आवाज गोड की ॲशचा, यावर दिवस उजाडेपर्यंत वाद घालतात. त्यातल्या एकाच्या बाजूने थोडंफार विज्ञान असतं, दुसऱ्याच्या बाजूने गिटारची किंमत असते. किंमत जिंकते.

तर पिकअपमधून निघते ती वीज. किती? फार तर काहीशे मिलिव्होल्ट, तेही तार जोरात ओढली तर. आता ती वादकाच्या हाताशी असलेल्या बटणांपाशी येते. एक व्हॉल्यूमचं, एक टोनचं. जुन्या पद्धतीच्या, बॅटरी नसलेल्या बेसवर ही दोन्ही बटणं फक्त कमी करू शकतात. व्हॉल्यूम दहावर नेणं म्हणजे वाढवणं नव्हे, ‘मी आता आडकाठी करत नाही’ असं जाहीर करणं. टोनचं बटण तर याहून कोत्या मनाचं. त्याच्यामागे एक कपॅसिटर बसवलेला असतो. बटण फिरवलं की तो वरच्या पट्टीतले सगळे सूर धरतो आणि जमिनीत पुरतो. उरतो तो गोलगोल खर्ज. मंचावर बेसवाला डोळे मिटून बटण हळुवार फिरवतो तेव्हा श्रोत्यांना वाटतं, आता हा काहीतरी ओतणार. तो कात्री चालवत असतो.

एवढी छाटछूट सोसून वीज केबलमधून अँप्लिफायरकडे पोचते आणि तिथे मूळ भानगड उघड होते. तारेकडून आलेली ताकद एका वॅटच्या दहालाखाव्या भागाएवढीही नसते. समोरच्या स्पीकरला मात्र शेकडो वॅट लागतात. १९६९ साली अँपेग कंपनीने काढलेला ‘एसव्हीटी’ ३०० वॅटचा होता आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. या तीनशे वॅटमध्ये तारेचा वाटा तीस कोटींतला एकसुद्धा नाही. बाकी सगळी ताकद भिंतीतल्या प्लगमधून येते. अँप्लिफायर ती वीज आत घेतो, सरळ करतो, साठवतो आणि तारेकडून आलेला तो क्षीण इशारा जसा वरखाली होईल तशी स्पीकरकडे सोडतो. म्हणजे आजोबांच्या बरगड्या हलवते ती वीज कंपनीची वीज.

मुंबईने वाढवलेल्या रसिकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पडद्यावर नटी ओठ हलवते, गाते दुसरीच. बेस गिटारमध्येही तार फक्त ओठ हलवते, पार्श्वगायन वीज करते. फरक इतकाच, की सिनेमात आधी गाणं ध्वनिमुद्रित होतं आणि नटी त्याबरहुकूम ओठ हलवते. इथे गायिका ऐन वेळी नटीच्या ओठांकडे बघून गाते, आणि एका क्षणाचीही चूक करत नाही. श्रेयाचा घोळही दोन्हीकडे सारखाच. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून लता मंगेशकरांचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’चं होतं. विजेच्या नशिबी तेवढंही नाही.

स्पीकरची कथा तर उलट्या आरशाची. तिथेही लोहचुंबक, तिथेही तांब्याचे वेढे. पिकअपमध्ये हालचालीतून वीज झाली, स्पीकरमध्ये विजेतून हालचाल. वेढे कागदी शंकूला ढकलतात, शंकू हवेला, हवा आजोबांना. फॅरडेंचीच करामत, उलट्या दिशेने. ही दोन्ही टोकं इतकी सख्खी आहेत की लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६६ साली, बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’चं ध्वनिमुद्रण चालू असताना, पॉल मॅकार्टनींचा बेस जाडजूड यावा म्हणून तंत्रज्ञांनी एका स्पीकरसमोर दुसरा स्पीकर ठेवला आणि त्या दुसऱ्याचा मायक्रोफोन म्हणून वापर केला. बोलणाऱ्याला समोरच्याचं ऐकायला लावायचं हा प्रयोग माणसांवर अजून यशस्वी झालेला नाही.

आता या गायिकेचा एक दोष. तिला सांगितलेलंच गावं असं बंधन मान्य नाही. तार स्वस्थ असली तरी ती मागे गुणगुणत असते. ऑर्केस्ट्रावाले याला ‘हम’ म्हणतात. कार्यक्रमाआधी साउंडवाला आणि बेसवाला यांच्यात जो संवाद होतो तो अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे.

“दादा, हम येतोय.”

“माझ्याकडून नाही येत.”

“जॅक काढा बरं.” जॅक काढतात. ढूम्म असा आवाज होतो. पहिल्या रांगेतलं एक पोर रडू लागतं.

“गेला. तुमचाच होता.”

“अर्थिंग बघ ना भाऊ तुझं.”

अर्थिंग कोणाचं यावर कोणी कोणाचं ऐकत नाही, कारण डेकोरेटरने ते कुठे जोडलंय हे डेकोरेटरलाही सांगता येत नाही. मंडपभर ट्यूबलाइट, डिमर आणि तोरणं लुकलुकत असतात, आणि पिकअपचे ते हजारो वेढे हवेतलं ते सगळं चुंबकीय गॉसिप इमानेइतबारे गोळा करतात. बेसवाल्याने तारांवर तळवा टेकला की घरघर कमी होते, कारण तारा आतून जमिनीच्या वायरला जोडलेल्या असतात. म्हणून दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात तो तारांवर हात ठेवून उभा असतो. लोक म्हणतात, वाद्यावर किती माया!

या गुणगुणीलाही सूर आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते. बेसवरचा खालचा ‘जी’ सूर ४९ हर्ट्‌झचा. म्हणजे वीज ‘जी’च्या किंचित वर, धड हाही सूर नाही आणि धड पुढचाही नाही. अमेरिकेत हाच आकडा ६०, तिथे ती ‘बी’च्या थोडी खाली असते. थोडक्यात, तिकडची वीज सुरात थोडी उतरते, आपली चढते. पण स्थिर म्हणाल तर तोड नाही. राष्ट्रीय ग्रिडने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात राहावं असा नियम आहे. एवढा काटेकोरपणा गायकांकडून मागितला तर निम्मे रिॲलिटी शो बंद पडतील. पूर्वी दक्षिणेचं ग्रिड वेगळं असल्याने त्यांचा सूर वेगळा चालायचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली आणि तेव्हापासून सगळा देश एकाच ठेक्यात गुणगुणतो. सोलापूरकरांनी चादर आणि शेंगाचटणी सोडून देशाच्या सुरासाठीही काही केलं आहे, हे त्यांनाही बहुधा कोणी कळवलेलं नाही.

या हमवर उपाय सापडला तोही हिशेबाच्या वहीतला. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी गिटारसाठी दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा पेटंट-अर्ज केला. १९५७ साली फेंडर यांनी प्रिसिजन बेसच्या पिकअपचे दोन तुकडे करून तेच साधलं. दोन जाड तारा एका तुकड्याकडे, दोन बारीक दुसऱ्याकडे. एकाचे वेढे सुलटे, दुसऱ्याचे उलटे, लोहचुंबकांची टोकंही उलटसुलट. हवेतून आलेली घरघर दोघांतही शिरते, पण एकात जमा आणि दुसऱ्यात खर्च. बेरीज शून्य. तार मात्र एकाच तुकड्यावरून जाते, त्यामुळे तिच्या सुराची वजाबाकी होत नाही. जमा-खर्च शिकलेल्या माणसाने काढलेलं वाद्य ते, शिल्लक जुळल्याशिवाय कसं राहील?

पुढे १९७६ साली, म्युझिक मॅन कंपनीत असताना, फेंडर यांनी ‘स्टिंगरे’ काढला. त्यात वाद्याच्या पोटातच छोटा अँप्लिफायर आणि ९ व्होल्टची बॅटरी. आता बटणं खरोखर वाढवू लागली. पण बॅटरीला वेगळा स्विच नाही. केबलचा जॅक आत खुपसला की चालू, काढला की बंद. ज्याने रात्री जॅक काढला नाही त्याची बॅटरी पहाटेपर्यंत गातच राहते. मग ऐन कार्यक्रमात बेस आधी घोगरा होतो, मग कण्हतो, मग दिवंगत होतो. अशा वेळी मंडपातल्या इलेक्ट्रिशियनच्या मल्टिमीटरची बॅटरी काढून घेणं, हा बेसवादनातला पहिला धडा आहे. पुस्तकात तो छापत नाहीत.

इतक्या उसनवारीत वादकाचं काय उरतं? डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन पाहा. मुख्यतः उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचे, तारा बदलायच्या भानगडीत पडायचे नाहीत, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा दडपलेला. त्या स्टुडिओत बेसची वायर सरळ मिक्सरमध्ये जायची, त्यामुळे ध्वनिमुद्रणाला मधल्या हवेची गरजच नसे. साठच्या दशकात अर्धी अमेरिका त्या एका बोटावर नाचली, पण तबकड्यांवर नाव नाही. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली तेव्हा लोकांना कळलं, की हे बोट कोणाचं.

बोटच नको, असाही विचार झाला. रोलँड या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘टीबी-३०३’ नावाची पेटी काढली. तार नाही, लोहचुंबक नाही. आतलं सर्किट स्वतःच करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी लहर तयार करतं आणि फिल्टर तिला आकार देतो. नटीच काढून टाकली, नुसती गायिका ठेवली. बेसवाल्याची सुट्टी करायला आणलेल्या या पेटीचा आवाज बेसगिटारसारखा येईना, वापरायचं कसं ते कोणाला उमगेना, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद. मग शिकागोतल्या पोरांनी जुन्या बाजारातून ती स्वस्तात उचलली आणि तिच्या किंचाळण्यातून ‘ॲसिड हाउस’ हा नवा प्रकार काढला. पण त्याआधीच, १९८२ साली, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग याच पेटीच्या साथीने डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून मोकळे झाले होते. रेकॉर्ड कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशी जाणकारांनी कपाळाला हात लावला. मुंबईच्या सवयीप्रमाणे दाद आली, फक्त लोकल चुकवून आली.

शेवटची फसवणूक तर श्रोत्याच्याच डोक्यात होते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ४१ हर्ट्‌झचा सूर काढता येत नाही, कितीही दाबा. त्याच्यातून बाहेर पडतात ते त्या सुराचे वरचे भाऊबंद, एकेचाळीसच्या पटीतले. कान त्यांच्यातलं अंतर मोजतो, मेंदू हिशेब करतो आणि नसलेला खर्ज स्वतःच गाऊन ऐकवतो. म्हणजे तार वाजली नाही ते वीज गायली, वीज पोचली नाही ते श्रोता गायला. आणि तोच श्रोता शेजारच्याला विचारतो, “तो मागे चार तारांची गिटार घेऊन उभा आहे, तो नक्की करतो काय?”

याचं उत्तर लोडशेडिंग देतं. गाणं रंगात आलेलं असताना वीज जाते. बासरी चालू राहते, ढोलकी चालू राहते, गायिका माइकशिवायही दोन ओळी रेटते. बेसवाल्याचीही बोटं चालू असतात, पण आता नुसते ओठ. तेव्हा लोकांच्या लक्षात येतं, की सूर सगळे जागेवर आहेत, ताल आहे, तरी गाणं हवेत तरंगतंय, त्याला खाली टेकायला काही नाही. काय गेलं ते कोणाला सांगता येत नाही; आजोबा उगाच छातीवरून हात फिरवतात. तोवर मंडपामागे जनरेटर खोकतो, धूर सोडतो, दिवे आधी पिवळे मग पांढरे होतात. लोडखाली दबलेला जनरेटर ५० हर्ट्‌झ राखत नाही, त्यामुळे स्पीकरमधली ती घरघर परत येते, पण या वेळी ‘जी’च्याही खाली उतरून, चक्क बेसुरी.

“हम येतोय का रे?” कार्यकर्ता अंधारातून विचारतो.

“येतोय,” साउंडवाला म्हणतो. “करा सुरू.”